अनुपस्थितांचा हिशेब



एका शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानात कंपन्यांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु दुसऱ्याची ठेव आपल्या हाती असताना कसे वागावे, हा प्रश्न शिक्षकाचा आहे आणि कंपनीच्या संचालकाचाही. कंपनी-सुशासन व व्यवसायनीती हा विषय मी अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवीत आलो आहे. तो कशासाठी शिकावा, एवढेच आज मांडणार आहे.

आरंभ आपल्या भैरवगढातूनच करू. येथील छिपा कारागीर कापडावर मेणाने नक्षी काढतात आणि मग ते रंगात बुडवतात. मेणाखालचा भाग तेवढा रंगावाचून राहतो. दुकानात गिऱ्हाइकाला नक्षी दिसते. रंग पक्का की कच्चा, हे मात्र पहिल्या धुण्यानंतरच कळते. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला जे दिसत नाही, त्यांतील अंतर हेच या शास्त्राचे मूळ आहे. गावात हे अंतर ओळखीने भरून निघते, कारण तेच गिऱ्हाईक पुन्हा दारी येणार असते. कंपनीत तसे नाही. भागधारक उज्जैनला, कारखाना तिसऱ्याच प्रांतात आणि संचालक मंडळ मुंबईत. एकमेकांचे तोंड कोणी पाहत नाही. म्हणून नियम लागतात.

१९९२ हे वर्ष या नियमांच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबईत हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले, 'सेबी'ला कायद्याने अधिकार मिळाले आणि लंडनमध्ये कॅडबरी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे १९९९ मध्ये 'सेबी'ने कुमारमंगलम बिर्ला समिती नेमली. स्वतंत्र संचालक आणि लेखापरीक्षण समिती हे शब्द त्यानंतर आपल्या परिचयाचे झाले.

नियम आले, तरी प्रश्न सुटला नाही. 'सत्यम' कंपनीत नियमांत सांगितलेले जवळजवळ सर्व काही होते. मंडळावर नामवंत विद्वान होते, लेखापरीक्षक आंतरराष्ट्रीय ख्यातीचे होते, आणि २००८ मध्ये सुशासनाचा पुरस्कारही तिला मिळाला होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच पत्र लिहून कळविले की, ताळेबंदात दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. बँकेतील शिल्लक स्वतः बँकेकडून पडताळून घ्यावी, हा लेखापरीक्षणाचा पहिला धडा. तोच पाळला गेला नव्हता.

आपल्याकडे स्वतंत्र वृत्तीचे उदाहरण म्हणून रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव घेतले जाते. ज्याच्या हाती सत्ता होती त्यालाच त्यांनी दोषी ठरविले आणि पद सोडले. आजच्या स्वतंत्र संचालकाची निवड बहुधा प्रवर्तकाच्या पसंतीने होते आणि मानधन कंपनी देते. अशा स्थितीत 'नाही' म्हणण्याचे बळ कोठून यावे, हा प्रश्न पाठ्यपुस्तक विचारते. उत्तर माणसाला स्वतःमध्येच शोधावे लागते.

आता आपल्या माळव्यातील एक उदाहरण. इंदूरची हुकुमचंद मिल त्याच १९९२ साली बंद पडली आणि कालांतराने अवसायनात गेली. कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीची मानावीत, अशी दुरुस्ती कंपनी कायद्यात १९८५ मध्येच झाली होती. कागदावर त्यांचा क्रम वरचा होता. तरीही सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायकाच्या हाती पडला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मध्ये एकतीस वर्षे गेली. तरुणपणी मिलच्या फाटकाबाहेर पडलेला माणूस तोवर म्हातारा झाला; कित्येकांच्या वाट्याचा पैसा वारसांनी घेतला. येथे 'सत्यम'सारखे खोटे आकडे शोधण्याची गरज नाही. हक्क मान्य होता, आणि तरी उशीर झाला. उशीर हाही अन्यायच असतो, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

पुढे २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली. अवसायनापूर्वीच्या चोवीस महिन्यांची कामगारांची देणीच तिने तारणधारकांच्या बरोबरीला ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. प्रक्रियेला वेग यावा हा संहितेचा हेतू आहे. पण ज्याचे वेतन त्याआधीपासून थकले आहे, त्याने काय करावे? वर्गात मी हा प्रश्न ठेवतो, तेव्हा बँकेच्या बाजूने बोलणारे विद्यार्थी पुष्कळ मिळतात. कामगाराच्या बाजूने बोलणारा शोधावा लागतो. हा त्यांचा दोष नव्हे. त्यांची भावी नोकरी कोठे आहे, हे त्यांना ठाऊक असते.

म्हणूनच या विषयाचे मर्म मला एका वाक्यात सांगावेसे वाटते: जो बैठकीत उपस्थित नाही, त्याचा हिशेब उपस्थितांनी ठेवणे म्हणजे सुशासन. लहान भागधारक तेथे नसतो, कामगार नसतो आणि कारखान्याचे सांडपाणी जिच्यात जाते ती नदीही नसते. शिप्रेच्या काठी राहणाऱ्यांना हे अधिक सांगायला नको. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ ने संचालकावर भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताचे कर्तव्य सोपविले आहे. कलम पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होता येते; ठराव मांडला जात असताना ते आठवणे, हे खरे शिक्षण.

नीती शिकवून येत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. सद्भाव शिकविता येत नाही, हे मला मान्य आहे. पण कोणता प्रश्न विचारावा, कोणता कागद मागावा आणि कोणत्या ठरावावर आपली असहमती इतिवृत्तात नोंदवावी, हे निश्चित शिकविता येते. सद्भाव असूनही अज्ञानामुळे गप्प राहणारी माणसे सभागृहांत कमी नसतात.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी सहकारी पतसंस्थेवर असेल, कोणी देवस्थानाच्या समितीवर, कोणी मोठ्या कंपनीत. सही करण्यापूर्वी एकच विचारावे: या ठरावाची झळ ज्याला लागणार आहे, तो आज येथे आहे काय? नसेल, तर त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी आपली.