राज्य बदललं, गाणं तेच राहिलं



आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथल्या गोऱ्या सरकारने १९३० साली कायदा करून निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांना दिली. थॉमस मापफुमो हा तिथला गायक. एम्बिरा या जुन्या वाद्याची चाल त्याने गिटारवर आणली, आपल्या शोना भाषेत लढ्याची गाणी म्हटली. त्याला खटला न चालवता तुरुंगात टाकलं.

१९८० ला देश स्वतंत्र झाला. पण आपलेच पुढारी खायला लागले, तेव्हा १९८९ ला त्याने त्यांच्या भ्रष्टाचारावरही गाणं केलं. शेवटी त्याला अमेरिकेत जाऊन राहावं लागलं. २०१८ ला तो मायदेशी परत येऊन गायला.

म्हणून आम्ही म्हणतो, मोर्च्यात गाणं म्हणणाऱ्याला जपा. उद्या खुर्चीवर आपला माणूस बसला, तरी त्याला गप्प करू नका.

जिंदाबाद!