मोठी गाडी, कोणाच्या हाती?
(उत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाने मला बोलायला उभे केले तेव्हा मी म्हटले, मी रेल्वेचा माणूस, डिप्लोमा करून कामाला लागलो, माझ्याजवळ व्याख्यान देण्यासारखे काय असणार? तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "अहो, वर्षभर पार्किंगमध्ये लोक तुम्हाला गाठून जे विचारतात, तेच एकदा माइकवर सांगून टाका." ती कल्पना मला पटली. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या महाप्रसादाला आलेल्या गाड्या मोजल्या असत्या तर मारुती आणि सँट्रोच जास्त भरल्या असत्या. आज मंडपाबाहेर मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी उभ्या आहेत. आपल्या मुलांनी कष्टाने मिळवले आहे, त्यांनी जरूर मिरवावे. पण गाडी घेताना सगळे पेढे वाटतात आणि सर्व्हिसिंगचे पहिले मोठे बिल आले की मला फोन करतात. प्रश्न एकच असतो. कंपनीच्या डीलरकडे जायचे की बाहेरच्या गॅरेजमध्ये?

या गाड्यांशी आपले नाते तसे परके नाही. मर्सिडीजने १९९४ साली भारतात बस्तान बसवले ते पुण्यात, आणि आज त्यांचा कारखाना चाकणला आहे. ऑडी आणि स्कोडा औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात जुळत आल्या. मर्सिडीजचे संशोधन केंद्र तर १९९६ पासून बंगळुरात आहे आणि आज आपल्याच व्हाइटफील्डात आहे. इथे बसलेल्यांपैकी काहीजण तिथेच नोकरीला आहेत. गाडी जर्मन असली तरी तिचे बोल्ट आवळणारा हात बऱ्याचदा मराठी असतो. तेव्हा तिला घाबरायचे कारण नाही.

आता सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, कारण त्या चुकीनेच मला या विषयात शहाणे केले.

आपल्या मंडळात एक ज्येष्ठ काका आहेत. नाव सांगत नाही, पण त्यांच्या परवानगीने बोलतो आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेला जाताना आपली आठ वर्षांची जर्मन गाडी आईवडिलांसाठी ठेवून गेला. काकूंना दर आठवड्याला हॉस्पिटलात न्यावे लागते, म्हणून गाडीची गरज खरी होती. काकांनी ती डीलरकडे सर्व्हिसला नेली तर एस्टिमेट आले एक लाख चाळीस हजारांचे. पेन्शनवर जगणारा माणूस. कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तू इंजिनं दुरुस्त करतोस, तूच सांग."

मी कागद पाहिला. त्यात ब्रेक पॅड होते, डिस्क होत्या, बॅटरी होती, गिअरबॉक्सचे ऑइल होते, आणि थ्रॉटल बॉडीची सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण अशी पाच-सहा कामे होती. मी मोठ्या ऐटीत म्हटले, "काका, ही सगळी लूट आहे. माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला आहे, त्याच्याकडे टाका." माझ्या ओळखीचा म्हणजे काय, तर माझी स्वतःची छोटी गाडी तो उत्तम ठेवत होता. त्याने पंचावन्न हजारांत काम करून दिले. मी गिअरबॉक्सच्या ऑइलचे विचारले तेव्हा तो म्हणाला, "एनू प्रॉब्लेम इल्ला सार, सगळ्या गाड्यांना चालतं." मीही मान हलवली. मित्रहो, शेडमध्ये माझ्या हाताखालच्या माणसाने असे उत्तर दिले असते तर मी त्याला तिथेच उभा केला असता. पण बाहेर पडलो की आपण आपलाच धंदा विसरतो.

चार महिन्यांनी गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली. एका सकाळी वर्तूरच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर काकू, आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून सरपटू लागली. काकांनी रिक्षा केली, काकूंना हॉस्पिटलात पोचवले, आणि संध्याकाळी मला फोन केला. आवाजात राग नव्हता. मला तेच जास्त लागले.

डीलरने पाहून सांगितले, गिअरबॉक्स पूर्ण बदलावा लागेल. आकडा गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा होता. मग मी सुट्टी टाकली आणि तीन दिवस फिरलो. शेवटी फक्त जर्मन गाड्यांचेच काम करणारा एक वर्कशॉप सापडला. तिथल्या माणसाने आधी जुने ऑइल काढून काचेच्या बरणीत धरले, गाडीच्या कंपनीने सांगितलेले ऑइल शेजारी ठेवले आणि म्हणाला, "हे बघा." बरणीतले ऑइल वेगळेच होते. त्याने गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा धुऊन योग्य ऑइल भरले, आतल्या कंट्रोल युनिटचे जेवढे खराब होते तेवढेच दुरुस्त केले. गिअरबॉक्स वाचला. तरी वाचवलेले पैसे गेले आणि वरून दीडपट गेले. त्यातला काही भाग मी दिला. काका घेत नव्हते, पण घ्यायला लावले.

या गोष्टीत लक्षात घ्या, डीलर सर्वस्वी खरा नव्हता आणि बाहेरचा सर्वस्वी खोटा नव्हता. स्वस्त गॅरेजने गाडी बिघडवली, डीलरने गरजेपेक्षा मोठे ऑपरेशन सांगितले आणि शेवटी वाचवले ते एका बाहेरच्याच माणसाने. तेव्हा प्रश्न "डीलर की गॅरेज" असा विचारला की उत्तर चुकते. प्रश्न असा हवा की, या कामासाठी लागणारे हत्यार, माहिती आणि माल कोणाकडे आहे?

रेल्वेत आम्ही हेच करतो. मधेपुऱ्याला बनणारी अल्स्टॉमची डब्ल्यूएजी-१२ ही मालगाडीची इंजिने घ्या. त्यांच्या देखभालीसाठी सहारनपूर आणि नागपूर इथे खास डेपो आहेत आणि तिथे बनवणाऱ्या कंपनीची जबाबदारी असते. दुसरीकडे आमच्या जुन्या इंजिनांचे काम आमच्या शेडमध्ये आमचीच माणसे करतात. सुटे भाग कोणाकडून घ्यायचे याची आरडीएसओने मंजूर केलेली यादी असते. म्हणजे बनवणाऱ्याकडेच जा असा नियम नाही, आणि कोणाकडूनही घ्या असाही नाही. मंजूर माल, ठरलेले शेड्यूल आणि सही करणारा माणूस, या तीन गोष्टी असल्या की इंजिन चालते.

आता हे गाडीला लावू.

पहिली गोष्ट, वॉरंटी. गाडी नवी असून वॉरंटीत असेल, किंवा पैसे भरून वॉरंटी वाढवली असेल, तर मुकाट्याने डीलरकडे जा. तिथे दोन-चार हजार वाचवण्यात अर्थ नाही. उद्या मोठा भाग गेला तर कंपनी रेकॉर्ड मागते. कंपनीने एखादा दोष कबूल करून गाड्या परत बोलावल्या, ज्याला रिकॉल म्हणतात, तर ते काम गाडी जुनी झाली तरी डीलरकडेच करून घ्यायचे, त्याचे पैसे पडत नाहीत. चाव्या, एअरबॅग, सॉफ्टवेअर हीदेखील डीलरचीच कामे समजा.

दुसरी गोष्ट, ऑइल. या गाड्यांना नुसते "चांगले" ऑइल चालत नाही, मंजूर ऑइल लागते. मर्सिडीजच्या मंजुऱ्या २२९.५, २२९.५१ अशा आकड्यांत असतात, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०४ अशी असते, फोक्सवॅगन आणि ऑडी कुळाची ५०४.०० किंवा ५०७.०० अशी असते. आपल्या गाडीला कोणती लागते ते गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. डब्याच्या मागे तोच आकडा आहे की नाही ते स्वतः वाचा, डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. गिअरबॉक्सबद्दल तर दुप्पट सावध राहा. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक असतो. गाडीवाले म्हणतात त्याचे ऑइल जन्मभर पुरते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला असे सांगते. जन्मभर म्हणजे कोणाचा जन्म, हे विचारून घ्या!

तिसरी गोष्ट, हत्यार. काही साधी वाटणारी कामे आता कॉम्प्युटरशिवाय होत नाहीत. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तर नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होत राहते. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड काढायचे तर आधी ब्रेक सर्व्हिस मोडला न्यावा लागतो. जोराने मागे ढकलला तर मोटर जाते. म्हणून गॅरेजवाल्याला सरळ विचारा, "माझ्या गाडीचा स्कॅनर आहे का? दाखवा." मर्सिडीजचा झेंट्री, बीएमडब्ल्यूचा इस्ता, ऑडी-फोक्सवॅगनचा ओडिस ही नावे त्याला माहीत नसतील तर नमस्कार करून बाहेर पडा.

चौथी गोष्ट, सुटे भाग. यात चार जाती आहेत. एक, कंपनीच्या खोक्यातला. दोन, तोच भाग ज्याने मुळात बनवला त्याच्या स्वतःच्या खोक्यातला. बॉश, मान, माहले, झॅक्स, लेमफॉर्डर ही अशी नावे. तीन, दुसऱ्या कोणी बनवलेला पर्यायी. आणि चार, नकली. दुसऱ्या जातीत खरी बचत आहे. चौथ्या जातीत घात आहे. आपल्या जे. सी. रोडला चारही मिळतात, कुर्ल्याला गेलात तरी मिळतात. बिलावर भागाचा नंबर आणि बनवणाऱ्याचे नाव लिहून घ्या. जुना भाग परत मागा, खोके मागा. "ओरिजिनल आहे सार" हे बोलणे बिल नव्हे.

पाचवी गोष्ट, एस्टिमेट. डीलरचे एस्टिमेट आले की ते एका दमात मान्यही करू नका आणि फाडूनही टाकू नका. मी तीन रकाने पाडतो: आत्ता केलेच पाहिजे, पुढच्या वेळी चालेल आणि नको. ब्रेकचे पॅड किती मिलिमीटर उरले ते विचारा, टायर किती उरला ते विचारा. आकडा सांगितला तर काम खरे, "खराब आहे" एवढेच सांगितले तर पुन्हा बघायला लावा. काकांच्या त्या पहिल्या कागदात ब्रेक आणि गिअर ऑइल खरे होते, बाकी बरेच तिसऱ्या रकान्यातले होते. मी ते वेगळे केले नाही, सगळ्याला लूट म्हणून मोकळा झालो. तिथे माझे चुकले.

आता थोडे कायद्याचे. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की गाडीच्या कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यात मोठ्या गाड्यांच्या कंपन्याही होत्या. आयोगाने असेही सांगितले की बाहेर काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. चुकीच्या दुरुस्तीनेच नुकसान झाले असेल तर गोष्ट वेगळी. प्रकरण पुढे अपिलांत गेले, तेव्हा हा कागद दाखवून काउंटरवर भांडण जिंकता येईल असे समजू नका. पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळते. युरोपात असा नियम कितीतरी आधीपासून आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारगाड्याही आहेत. तक्रारच असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट, पाऊस. २०२२ च्या सप्टेंबरात आपल्या भागात काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. तळघरात उभ्या असलेल्या कोटीच्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. तेव्हाच अकरा लाखांच्या गाडीला बावीस लाखांचे एस्टिमेट आल्याची बातमी गाजली होती. पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही सुरू करू नका. इंजिनात पाणी शिरले आणि तुम्ही स्टार्टर मारला तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि विमा कंपनी म्हणते हे तुम्ही केले. बटण दाबू नका, टो करून न्या, आधी विमा कंपनीला कळवा. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कलम घ्या. अपघात आणि पूर या दोन वेळी विम्याच्या कॅशलेस यादीतला डीलर सोयीचा पडतो, तिथे बाहेरचे गॅरेज शोधत बसू नका.

थोडक्यात माझा हिशेब असा. वॉरंटीत डीलर. वॉरंटीनंतर ऑइल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन यांसाठी तुमच्याच कंपनीच्या गाड्या रोज करणारा वर्कशॉप. एअरबॅग, चाव्या, सॉफ्टवेअर, रिकॉल यांसाठी पुन्हा डीलर. वर्षातून एकदा डीलरकडे नुसती तपासणी करून घेतली तरी चालते, काम कुठे करायचे ते नंतर ठरवा. आणि घरात एक वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय बदलले, कोणते ऑइल, कोणी केले. आमच्या शेडमध्ये अशा वहीशिवाय इंजिन बाहेर पडत नाही. गाडी विकताना ही वही पैसे मिळवून देते, हा फायदा वेगळाच.

आणि ज्यांना लोक सल्ला विचारतात, त्या माझ्यासारख्यांसाठी एक शब्द. शेजारी विश्वासाने विचारतो तेव्हा "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणायला लाज वाटू देऊ नका. माझी लाज काकूंना वर्तूरच्या रस्त्यावर रिक्षात बसवून गेली.

काकांची गाडी आज ठीक चालते. मागच्या आठवड्यात तिच्यातूनच आपल्या मंडपाची मूर्ती आणली, आणि काकांनी मला शेजारी बसवले. गिअर बदलताना मी कान देऊन ऐकत होतो. काका हसून म्हणाले, "अरे, आता तरी बाप्पाकडे बघ!"

बाप्पा सर्वांच्या गाड्या आणि माणसे सुखरूप ठेवो.

गणपती बाप्पा मोरया!