पाच नावांचं जहाज

आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांत 'तो जहाजावर असतो' एवढं सांगितलं की पुढं कुणी विचारत नसे. जहाज काय वाहून नेतं, तिथं काम काय असतं, हे पुष्कळदा घरच्यांनाही ठाऊक नसे. म्हणून आज एका तेलवाहू जहाजाची हकिगत सांगतो.

१९७९ साली जपानमध्ये बांधलेलं हे जहाज पुढं मालकानं आणखी लांब करून घेतलं. नाव 'सीवाइज जायंट', लांबी ४५८ मीटर. साडेपाच लाख टनांहून अधिक भार घेणारं. सुएझ आणि पनामा हे दोन्ही कालवे त्याला बंद, कारण भरलं की ते साडेचोवीस मीटर पाण्यात बुडे. एवढ्या धुडावर माणसं मात्र चाळीसेक.

तेलाच्या जहाजावर भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीची धास्ती जास्त. तेल उपसलं तरी वाफा मागं राहतात, एक ठिणगी पुरते. म्हणून बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून टाकीत सोडतात. त्यात प्राणवायू इतका कमी की आग धरत नाही. पण जिथं आग जगत नाही तिथं माणूस तरी कसा जगेल? टाकी साफ करायला उतरण्याआधी ताजी हवा खेळवायची, प्राणवायू मोजायचा, तोंडाशी एकानं उभं राहायचं. आत कोसळलेल्या सोबत्याला काढायला दुसरा तसाच धावत उतरतो आणि दोघेही जातात. असे अपघात जगभरच्या जहाजांवर झाले आहेत.

१९८८च्या मे महिन्यात, इराण-इराक युद्धात, इराणच्या लारक बेटाजवळ इराकी विमानांनी या जहाजावर बॉम्ब टाकले. ते जळालं, उथळ पाण्यात बुडालं. युद्ध संपल्यावर वर काढून सिंगापूरला दुरुस्त केलं आणि नाव ठेवलं 'हॅपी जायंट'! हे नाव कुणाला सुचलं असेल, देव जाणे. १९९१ मध्ये ते 'यारे व्हायकिंग' झालं. २००४ पासून 'नॉक नेव्हिस' या नावानं कतारच्या समुद्रात तेल साठवायची टाकी होऊन एका जागी उभं राहिलं.

२००९च्या अखेरीस, शेवटच्या फेरीपुरतं 'मॉन्ट' हे नाव घेऊन, ते गुजरातमधल्या अलंगला आलं. तिथं मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवतात आणि गॅसकटरनं कापतात. कटर हातात घेणारे बहुतेक ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशकडचे मजूर. टाकीत वाफ उरली आहे का, हा प्रश्न इथंही पहिला. २०१० मध्ये हे जहाज तोडलं गेलं. त्याचा ३६ टनांचा नांगर हाँगकाँगच्या सागरी संग्रहालयाकडे आहे. अलंगचं पोलाद रोलिंग मिलमध्ये जातं आणि त्याच्या सळया होतात, घरांच्या स्लॅबमध्ये घालायच्या.