बैलाची लघवी अडली तर



पेरणीच्या तोंडावर बैल बसला म्हणजे काय होतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून आज एकाच दुखण्याबद्दल बोलतो, मुतखड्याबद्दल.

बैल शेपटी उचलून कुंथतो, पोटावर पाय मारतो, रवंथ सोडतो. आपण म्हणतो पोट धरलं, आणि तेल पाजतो. त्यात दिवस जातो. आधी मागे उभं राहून पाहा, लघवी होते का? थेंब थेंब पडते का, लाल आहे का? तिथल्या केसांना वाळूसारखे कण लागलेत का?

म्हाताऱ्या माणसाची लघवी प्रोस्टेटने अडते, ते आपल्याला ठाऊक आहे. बैलाचं तसं नसतं. घरातल्या बोक्याचीही लघवी तुंबते, तिथेही प्रोस्टेटचा दोष क्वचितच. बैलाची मूत्रनळी लांब, अरुंद, आणि वाटेत तिला नागमोडी वळण. खडा तिथे रुततो. बोकडाच्या नळीला टोकाशी बारीक शेपूट असतं, त्यात अडकतो. गाईची नळी आखूड नि रुंद, म्हणून ती सुटते. कोवळ्या वयात खच्ची केलेल्या गोऱ्ह्याची नळी तर बारीकच राहते.

आता खडे येतात कुठून? सरकीची ढेप, ज्वारीचा भरडा, गव्हाचा कोंडा, या सगळ्यांत स्फुरद भरपूर आणि चुना कमी. म्हणजे आपल्याच रानातला माल! कामाच्या दिवसांत आपण खुराक वाढवतो, पाणी मात्र हौदावर नेऊ तेवढंच.

लघवी पुरती बंद झाली तर बळजबरीने पाणी पाजू नका, लघवी वाढवणारं औषध देऊ नका. तुंबलेलं मूत्राशय फुटतं. फुटल्यावर बैल शांत होतो, घरचे म्हणतात उतार पडला. मग दोन्ही बाजूंनी पोट भरत जातं आणि बैल हातचा जातो. हे सगळं दोन-तीन दिवसांतलं काम आहे, म्हणून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला आणा. ते गुदद्वारातून हात घालून मूत्राशय तपासतात. गरज पडली तर पोटाला छेद देऊन मूत्राशयात रबरी नळी बसवतात. लघवी तिच्यातून वाहते, तोवर नवसागर देऊन खडे विरघळवतात. सगळेच खडे विरघळत नाहीत, आणि नवसागराचं माप डॉक्टरांनीच ठरवायचं.

घरी करायचं ते असं: ढेपेसोबत तुरीचं कुटार असू द्या, खुराकात मीठ घाला म्हणजे जनावर पाणी जास्त पितं, आणि थंडीतही पाणी समोर ठेवा. गोऱ्हा खच्ची करण्याची घाई नको.