मैफलीचें ध्वनिमुद्रण आणि लहान यंत्रें

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. हिंदुस्थानांत तबकड्यांचें मुद्रण त्यापूर्वीं वीस वर्षें, म्हणजे १९०२ पासून, सुरू झालेलें होतें. तरीही बुवांचें गाणें आज कोणास ऐकावयास मिळत नाहीं. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेंच मावत, आणि मैफलीचा विस्तार तीत बसणारा नव्हताच. आतां खिशांत राहणारें यंत्र अख्खी रात्र टिपून घेतें. तेव्हां एखादा जाणता आवाज मागें न राहता गेला, तर दोष यंत्रयुगाच्या माथीं मारतां यावयाचा नाहीं.

निफाड तालुक्यांतील गोदाकांठच्या सायखेड्यासारख्या गांवीं मैफल म्हणजे बहुधा देवळांतील भजन अथवा सप्ताहांतील कीर्तन. गायक, पेटी, पखवाज आणि भोंवतीं टाळकऱ्यांची रांग. ध्वनिमुद्रणास याहून कठीण प्रसंग क्वचितच असेल. कारण अभंगाचा पहिला चरण हलक्या आवाजांत उमटतो आणि गजर चढला म्हणजे त्याच मंडपांत कानठळ्या बसतात. यंत्राची निवड या दोन टोकांकडे पाहून करावी.

बाजारांत गेलेल्या गृहस्थापुढें विक्रेता प्रथम ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचा आंकडा ठेवतो. त्या आंकड्याला भुलूं नये. मनुष्याचा कान फार झालें तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ४८ किलोहर्ट्झचें मुद्रण तेवढें सहज सामावून घेतें. २४ बिटांची सोय मात्र अवश्य पाहावी. तिच्यामुळें पातळी खालीं ठेवूनही हलका स्वर खरखरींत बुडत नाहीं. अलीकडे ३२ बिट फ्लोट पद्धतीचे रेकॉर्डर निघाले आहेत. त्यांत पातळी चुकली तरी ती पुढें सावरतां येते. पण टाळांच्या दणक्यानें मायक्रोफोनच फाटका आवाज देऊं लागला, तर तो कोणत्याही बिटांनीं सांधला जात नाहीं.

म्हणून पैसा आधीं मायक्रोफोनावर आणि उंच, भक्कम स्टँडवर खर्चावा. यंत्रावरच काटकोनांत बसविलेली मायक्रोफोनांची जोडी घरगुती बैठकीस पुष्कळ झाली. मंडपांत मात्र बाहेरचे दोन मायक्रोफोन जोडतां आले पाहिजेत, आणि ते कंडेन्सर जातीचे असल्यास रेकॉर्डरनें ४८ व्होल्टचा पुरवठाही केला पाहिजे. दगडी सभामंडप घुमतो. तेथें समोरचें अधिक आणि मागचें कमी घेणारा कार्डिऑइड मायक्रोफोन बरा. चोहोंकडून सारखेंच ऐकणारा ओम्नी तंबोऱ्याचा खर्ज फार गोड देतो, पण त्याला शांत दिवाणखाना हवा.

जागेचा विचार तर यंत्राहूनही मोलाचा. गायकासमोर दोन-तीन मीटरांवर, बसलेल्या मंडळींच्या डोक्यावरून स्टँड उभा करावा. टाळकऱ्यांच्या रांगेंत नव्हे, आणि कर्ण्याच्या तोंडाशीं तर कधींच नव्हे. (कर्णा बंद ठेवण्याविषयीं मंडळींचें मन वळविणें हें निराळेंच कौशल्य आहे!) नदीकांठच्या वाऱ्यास स्पंजाची टोपी पुरत नाहीं, केसाळ आच्छादन लागतें. पातळी गजराच्या वेळीं जुळवावी आणि सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आंत ठेवावा. आपोआप पातळी सांभाळणारी कळ बंद करावी. ती दोन चरणांमधील शांततेंत खोकला मोठा करते आणि समेवर गायकालाच दाबते.

४८ किलोहर्ट्झ व २४ बिटांच्या दुहेरी मुद्रणास ताशी सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर चार-पांच रात्री सहज बसतात. एम्‌पी-थ्रीची काटकसर मूळ प्रतीस करूं नये. वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यानें साध्या पेन्सिल सेलवर चालणारें यंत्र खेड्यांत अधिक विश्वासाचें.

गायकाची परवानगी प्रथम घ्यावी. १९९४ च्या दुरुस्तीनें प्रताधिकार कायद्यांत कलावंताचा आपल्या प्रयोगावरील हक्क मान्य झालेला आहे; खासगी उपयोगासाठीं अथवा शिक्षण-संशोधनासाठीं केलेलें मुद्रण त्यास बाध आणीत नाहीं, पण तें सर्वांसाठीं खुलें करावयाचें तर संमति हवी.

राहतां राहिली प्रत. २०१९ च्या ऑगस्टांत गोदावरीला आलेल्या पुरानें सायखेडा आणि समोरची चांदोरी हीं दोन्ही गांवें वेढलीं. अशा गांवीं आजोबांच्या भजनाची एकुलती एक फीत तळघरांत किंवा फडताळाच्या खालच्या खणांत असूं नये. एक प्रत घरीं, दुसरी नाशिक-पुण्याच्या आप्ताकडे ठेवावी. आणि प्रत्येकीवर तारीख, स्थळ, गायक आणि पखवाज्या यांचीं नांवें त्याच रात्रीं लिहावीं, कारण आठवड्यानें पखवाज्याचें नांव हमखास विसरलें जातें.