बोंडापासून गाठीपर्यंत



आपल्या वर्धा जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबांचा संसार कापसावर चालतो. परंतु आपल्या दारातून निघालेला कापूस पुढे कोणकोणत्या हातांतून जातो, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

बाजार समितीच्या आवारात व्यापारी कापूस घेतो. जिनात सरकी निराळी होऊन रुई निघते आणि प्रेसमध्ये तिच्या गाठी बांधल्या जातात. पुढे सूतगिरणी, माग, रंगाई आणि शेवटी कापडाचे दुकान. सुमारे 5 क्विंटल कापसापासून 170 किलो रुईची एक गाठ होते. सरकीपासून तेल व ढेप मिळते. म्हणून ढेपेचा बाजार उतरला, तरी त्याची झळ आपल्या कापसाला लागते.

हा पसारा आजचा नव्हे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात विलायतेपर्यंत पोहोचले होते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि इकडे भाव चढले. युद्ध संपताच ते कोसळले. आगगाडी नागपुरास पोहोचली ती 1867 मध्ये, तेजी ओसरल्यावर! पेरणी गतवर्षीच्या भावाकडे पाहून होते, विक्री मात्र नव्या भावाने करावी लागते. 1972 मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेने सारी खरेदी एका हाती घेऊन पाहिली. तीही कायम टिकली नाही.

आमच्याच घरी एके वर्षी पावसात भिजलेली वेचणी कोरड्या कापसात मिसळली गेली. थोडक्या ओल्या मालापायी सारी गाडी कमी भावाने गेली. दोष बाजाराचा नव्हता, आमचा होता. आत ओल किती हे घेणाऱ्यास ठाऊक नसले, की तो संशयाचाही भाव कापून घेतो.

सारी साखळी आपल्या हाती नाही. पहिली कडी मात्र आहे. पहिली वेचणी आणि फरदड निरनिराळी ठेवावी. काट्याची चिठ्ठी जपावी. सारा माल एकाच दिवशी, एकाच दारी नेऊ नये. शिकलेल्या मुलांनी भावाची वही ठेवावी आणि ज्ञातीतील घरांनी ती परस्परांस दाखवावी. मेळाव्याचा एवढा लाभ झाला, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही मानू.