एका आकड्याची कुळकथा



आज आपल्याच पत्त्यापासून सुरुवात करतो. सोलापूरचा पिनकोड ४१३००१. त्यातल्या अंकांची बेरीज करा. चार, एक, तीन आणि शेवटचा एक, म्हणजे नऊ. आता या नवाने ४१३००१ ला भागा. नि:शेष भाग जातो, उत्तर ४५८८९. जी संख्या स्वत:च्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते, ती 'हर्षद' संख्या. हर्षद म्हणजे आनंद देणारी. पाकिटावर पत्ता घालताना आपण रोज एक हर्षद संख्या लिहितो!

हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. त्यांची ६१७४ ही संख्या जगाला ठाऊक आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कामावर लिहिलं आणि परदेशात त्यांचं नाव पोचलं. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते संख्यांची कुळं ओळखण्यात.

'कापरेकर संख्या' हे त्यातलं एक कुळ. १४२८५७ घ्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करून बेरीज करा: २०४०८ अधिक १२२४४९. पुन्हा १४२८५७! आपल्या ४१३००१ चा वर्ग १७०५६९८२६००१. तुकड्यांची बेरीज ९९६५७० येते. म्हणजे या कुळात आपली संख्या बसत नाही. तेही कळायला हवं. वर्गीकरण म्हणजे नुसते मानसन्मान वाटणं नव्हे.

आता सर्वांत सुंदर कुळाकडे येऊ. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये तीन मिळवले की २४. म्हणून २१ ही २४ ची जनक. पण काही संख्यांना जनकच सापडत नाही. २० घ्या, कुठल्याही संख्येतून ती अशी निर्माण होत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटलं. मूर्ती कोणी घडवलेली नसली की आपण जो शब्द वापरतो, तोच.

मग ४१३००१ चा जनक कोण? कोणत्याही संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नवाने भागलं तर बाकी सारखीच उरते. म्हणून इथे जनक नवाच्या पाढ्यातलाच हवा. सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही, तेव्हा तपासायच्या संख्या उरल्या फक्त सहा. नऊ मागे गेलं की ४१२९९२, तिची बेरीज २७; जमत नाही. अठरा मागे ४१२९८३, पुन्हा २७, नाही. सत्तावीस मागे ४१२९७४. बेरीज सत्तावीस! जनक सापडला. उरलेल्या तिघींपैकी एकही जमत नाही, म्हणजे जनक एकच.

त्याच वाटेने आणखी एक पिढी मागे जाऊ. ४१२९७४ चा जनक ४१२९४७. आणि त्याचा? सहाच्या सहा जागा मी तपासल्या: ४१२९३८, ४१२९२९, ४१२९२०, ४१२९११, ४१२९०२, ४१२८९३. एकही जमली नाही.

म्हणजे आपल्या पिनकोडचे आजोबा स्वयंभू आहेत.

आज रात्री मुलांना शेजारी बसवून या सहा बेरजा त्यांच्याकडून करवून घ्या. कागद-पेन्सिल पुरे. आणि सहावी बेरीजही जमली नाही की त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. कापरेकरांना 'हर्षद' हा शब्द का सुचला, ते तिथे दिसेल.